ओलं मिटू नये

टू हार्बर्सच्या थोडं पुढे, हमरस्त्याला लागून माझं दुकान.
पाटीवर: ऑरिन ट्वेट. कॅनव्हास, चेन, तंबू, बोटींची कापडं.
मे उजाडला, रस्त्याकडेचा काळवंडलेला बर्फ एकदाचा मेला
की लोक आपापले घडीचे ट्रेलर ओढत आणतात
आणि उघडण्याआधीच कबुली देतात,
"मागच्या वर्षी जरा ओलाच मिटला."

हॅण्डल मी फिरवतो. छप्पर कुरकुरत वर चढतं,
दोन्ही अंगांनी पलंग बाहेर सरकतात,
आणि वास येतो.
त्या वासावरून मी महिना सांगतो, थापा नाहीत.
राईएवढे काळे ठिपके, दाट: सप्टेंबरची जोडसुट्टी, तिन्ही दिवस पाऊस.
जाळीत अडकलेले पंख: जून, तळ्यावरच्या एका दिवसाच्या माश्या.
गादीवर गोल डाग, पातेल्याच्या बुडाएवढा:
जुलैतली गारपीट, आणि कुणीतरी रात्रभर जागं.
पलंगाखाली उंदरीनं
लोकरी मोज्याचा बाळंतपणाचा बिछाना केलेला.
ते हिवाळ्याचं काम.

सगळ्यांना एकच सांगतो, चाळीस वर्षं तेच:
ओलं मिटू नये.
घरी नेऊन अंगणात उघडा, वारा लागू द्या, मग घडी घाला.
हो हो म्हणतात.
पुढल्या मेमध्ये पुन्हा दारात.

मार्लिस हौगेनचा ट्रेलर मात्र आला तो राहिलाच.
एक फाटकी खिडकी, एक तुटलेली केबल, एकशे साठ डॉलर.
जूनमध्ये फोन केला. जुलैत केला.
ऑगस्टमध्ये मुलीनं उचलला. म्हणाली,
आई आता माझ्याकडे असते, फार्गोला. ट्रेलर तुम्हीच ठेवा.
मागून कुणीतरी विचारत होतं,
"तळ्यावरून आहे का? थांबला का पाऊस?"

खरं सांगायचं तर मी कधी कापडाखाली झोपलेलो नाही.
ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी, केबल तपासायची म्हणून
(बायकोला हेच सांगितलं)
तो ट्रेलर तळ्याकाठी नेला.
छावणीत दुसरं कुणी नाही. नळसुद्धा बंद केलेले.
कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली, बाईंच्या अक्षरात:
चाकांना पाचर. गॅस बंद. पायरी आत. केनी.
प्रत्येकापुढे पेन्सिलीच्या उभ्या रेघा, दर उन्हाळ्याला एक.
केनी म्हणजे कुत्रा असेल, नाहीतर नवरा.
मी रेघा मोजल्या.
केनीपुढे दोन कमी.

रात्री वारा वळला. दोनच्या सुमारास पडला,
आणि मला जाग आली ती आवाज थांबल्यामुळे.
डोक्यावरचं कापड गाभण गाईच्या पोटासारखं खाली आलेलं.
हात लावला. बर्फ.
झाडू घेऊन आतून ढकलत बसलो,
इकडचा घसरला की तिकडे भरायचा.
मध्येच मोठ्यानं म्हणालो, "नाही हो, थांबला नाही अजून,"
आणि स्वतःच दचकलो.

चार वाजता केबल करकरली. मी बसवलेली केबल!
मग विचार केला नाही.
बॅटरी दातांत धरून, बोटं बधिर,
सगळं निथळत, बर्फासकट, पानांसकट मिटलं.
पाचर. गॅस. पायरी.
तीन रेघा ओढल्या. चौथी जागा तशीच ठेवली.

दुकानात आणून उघडला तेव्हा फरशीवर तळं झालं.
हीटर लावला. बायको कॉफी घेऊन दारात उभी राहिली,
खूप वेळ बघत होती,
मग म्हणाली, "चाळीस वर्षं, ऑरिन."
मी म्हटलं, "माहीत आहे."

वाळायला तीन दिवस लागले.
बुधवारी फार्गोला फोन केला.
मुलीनं उचलला.
"थांबला," मी म्हणालो.
"काय थांबला?"
"तुमच्या आईंना सांगा. त्यांना कळेल."